मिरवणे आणि वाहणे

दोन वर्षांपूर्वी मराठीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांसमवेत आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो. निमित्त फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चे होते. वर्गात त्या ग्रंथातील ओव्या वाचून झाल्या होत्या. ज्या भूमीत त्या रचल्या गेल्या ती भूमीही पाहावी, एवढाच हेतू होता. बॉम जेझसच्या बासिलिकेत शिरल्यावर समोरच्या वेदीमागचे सोनेरी कोरीवकाम पाहून मंडळी क्षणभर गप्प झाली. मग एका विद्यार्थिनीने हळूच विचारले, "सर, येशू गोठ्यात जन्मला ना? मग हे एवढे सोने कोणासाठी?" तिच्या शेजारचा विद्यार्थी लगेच म्हणाला, "तुकोबांनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे. बाहेरचे ते सगळे अवडंबर, खरे ते आतले." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

परतीच्या प्रवासात मात्र ही सहमती आम्हांला टोचू लागली. एक तर ती फार स्वस्तात मिळाली होती. संतसाहित्याच्या अध्यापनातून आपल्याकडे एक तयार सूत्र हाती येते: बाह्य उपचार खोटे, अंतरीचा भाव खरा. हे सूत्र आपण कोणत्याही धर्मपरंपरेला लावून मोकळे होतो. ज्या तुकोबांनी दंभावर कोरडे ओढले, त्यांनीच विटेवरच्या सावळ्या रूपाचे, त्याच्या गळ्यातल्या तुळशीमाळांचे वर्णन किती आसक्तीने केले आहे, हे तेवढ्यापुरते आपण विसरतो. दुसरे असे की, हेच विद्यार्थी कवितेची चर्चा करताना आशय म्हणजे गर आणि रूप म्हणजे साल, असे कोणी म्हटले तर हसतात. कवितेचे रूप बदलले की कविताच बदलते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. मग धर्माच्या बाबतीत गर आणि साल यांची फारकत इतक्या सहजपणे कशी मान्य होते?

ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत तर ही फारकत अधिकच अडचणीची आहे. ईश्वरी शब्दाने देह धारण केला, ही त्या श्रद्धेची मध्यवर्ती धारणा. ज्या धर्माचा देवच रक्तमांसाने दृश्य झाला, तेल, पाणी, भाकर आणि द्राक्षारस हीच ज्याच्या उपासनेची साधने झाली, त्या धर्माला 'दृश्य ते सारे खोटे' असे म्हणणे परवडणारे नाही. तरीही वरपांगी धार्मिकतेवर येशूइतका कठोर प्रहार फार थोड्यांनी केला असेल. बाहेरून चुना फासून सुंदर केलेल्या आणि आत मृतांची हाडे असलेल्या कबरींची उपमा त्याचीच आहे. तेव्हा सौंदर्य आत की बाहेर, हा येथला खरा प्रश्न नसावा. तो वेगळ्या रीतीने मांडायला हवा, आणि त्यासाठी मार्ककृत शुभवर्तमानाची मांडणी आम्हांला फार उपयोगी वाटते.

मार्कच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीपासून चौदाव्या अध्यायाच्या आरंभापर्यंतचा भाग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी सलग वाचून पाहावा. त्यात चार प्रसंग एकामागून एक येतात. पहिल्यात येशू लांब झगे घालून हिंडणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. त्यांना बाजारात नमस्कार हवे असतात, सभास्थानात पुढच्या जागा हव्या असतात. आणि हेच लोक विधवांची घरे गिळतात. दुसऱ्या प्रसंगात अशीच एक विधवा मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकते. श्रीमंतांनी आपल्या समृद्धीतून टाकले, हिने आपली सगळी उपजीविका टाकली, असे येशू शिष्यांना दाखवून देतो. तिसऱ्यात मंदिराबाहेर पडताना एक शिष्य कौतुकाने म्हणतो की, गुरुजी, काय हे पाषाण आणि काय ह्या इमारती! उत्तर मिळते ते असे की, यातला चिरा चिऱ्यावर राहणार नाही. त्यानंतर येणाऱ्या अंताविषयीचे दीर्घ प्रवचन आहे, आणि ते संपल्यावर चौथा प्रसंग येतो. बेथानी गावी भोजनाच्या वेळी एक स्त्री संगमरवरी कुपीतून जटामांसीचे मौल्यवान तेल आणते, कुपी फोडते आणि सारे तेल येशूच्या मस्तकावर ओतते.

जटामांसी ही हिमालयातली वनस्पती. तिचे तेल तिथवर पोचेपर्यंत त्याची किंमत काय होत असेल, याची कल्पना करता येते. मार्क सांगतो, तीनशेहून अधिक दिनार. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी धरली, तर जवळजवळ वर्षभराची कमाई त्या क्षणी जमिनीवर सांडली. जमलेल्यांपैकी काहीजण चिडतात. हे विकून गोरगरिबांना पैसे देता आले असते, हा त्यांचा आक्षेप. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तो हाच. त्यात काहीही गैर नाही. उलट येशूच्या एकंदर शिकवणुकीशी तो सुसंगतच दिसतो. असे असूनही येशू त्या स्त्रीची बाजू घेतो. तिने केले ते चांगले केले, असे तो म्हणतो, आणि तेथे मार्कने योजलेला मूळ ग्रीक शब्द 'कालोन' हा आहे. त्याचा अर्थ 'चांगले' असा होतो तसाच 'सुंदर' असाही होतो.

आता हे चार प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. झगा बाह्य आहे, तसे तेलही बाह्यच आहे. मंदिराचे पाषाण खर्चिक आहेत, तशी कुपीही खर्चिकच आहे. बाह्य आणि आंतरिक, महाग आणि स्वस्त, अशी वर्गवारी केली तर येशूचे दोन निकाल परस्परविरोधी वाटतील. मराठीत मात्र हा भेद सांगणारी दोन साधी क्रियापदे आपल्याजवळ आहेत: मिरवणे आणि वाहणे. शास्त्री झगा मिरवतात. त्या स्त्रीने तेल वाहिले. मिरवलेली वस्तू मिरवणाऱ्याच्या अंगावर राहते आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्याकडे ओढून घेते. वाहिलेले फूल वाहणाऱ्याच्या हातात उरत नाही. त्या स्त्रीने कुपीचे तोंड उघडून बेताने तेल ओतले असते, तर निदान कुपी तरी उरली असती. ती फोडल्याचा उल्लेख एकटा मार्कच करतो, आणि त्या एका तपशिलाने त्याने सारे सांगितले आहे. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे नाते याच स्त्रीशी आहे. एकीजवळ जवळजवळ काहीच नव्हते, दुसरीजवळ पुष्कळ होते. दोघींनीही मागे काही ठेवले नाही.

हा भेद प्रत्यक्ष इतिहासात किती गुंतागुंतीचा होतो, ते बाराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये दिसते. धर्मातल्या सौंदर्याचा वाद निघाला की त्या शतकातली दोन नावे हटकून पुढे येतात. एक क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड, दुसरा पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचा मठाधिपती सुजेर. बर्नार्ड सिस्टर्शियन पंथाचा, कडक विरक्तीचा पुरस्कर्ता. ११२५ च्या सुमारास लिहिलेल्या 'अपोलोगिया'त त्याने मठांतल्या सजावटीवर आसूड ओढले. चर्चच्या भिंती झळकतात आणि तिचे गरीब उपाशी राहतात. दगडांना सोन्याने मढवले जाते आणि लेकरे उघडी पडतात, असा त्याचा आरोप होता. सुजेरने याच्या अगदी उलट केले. त्याने आपल्या मठाचे चर्च नव्याने उभारले, ११४४ मध्ये त्याचा रंगीत काचांनी उजळलेला पूर्वेकडचा भाग अभिषिक्त झाला, आणि पुढे ज्याला गॉथिक म्हणू लागले त्या वास्तुशैलीचा उगम सर्वसाधारणपणे तेथे मानला जातो. जड वस्तूंच्या आधाराने मंद मन सत्याकडे चढते, ही त्याची भूमिका होती. सोन्याच्या मुलाम्याच्या दारांवर त्याने कोरून ठेवलेल्या लेखाचाही आशय असा की, येणाऱ्याने सोने आणि खर्च पाहून दिपून न जाता त्यामागचे काम पाहावे आणि त्याच्या प्रकाशात खऱ्या प्रकाशाकडे जावे.

पाठ्यपुस्तकांत हा सामना अंतर्मुख बर्नार्ड विरुद्ध बहिर्मुख सुजेर असा रंगवला जातो. तपशिलात शिरले की रंग मिसळू लागतात. सुजेरच्या चरित्रकाराने नोंदवले आहे की, हे झळाळते चर्च बांधणारा माणूस स्वतः जेमतेम दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा उघड्याबोडक्या खोलीत राहत असे. क्लूनीचा मठाधिपती पीटर ती खोली पाहून उद्गारला की, हा माणूस आपल्या सर्वांना लाजवतो. आपण स्वतःसाठी बांधतो, हा केवळ देवासाठी. इकडे बर्नार्डची गंमत पाहा. मठांच्या स्तंभांवर कोरलेल्या विचित्र आकृतींचा धिक्कार करताना तो त्या एकेक करून अशा काही वर्णन करतो की, वानर, सिंह, अर्धमानव, एका डोक्याची अनेक धडे आणि एका धडाची अनेक डोकी वाचकाच्या डोळ्यांपुढे नाचू लागतात. भिक्षू ग्रंथ वाचायचे सोडून दिवसभर हे पाषाण वाचत बसतील, ही त्याची तक्रार आहे. पण ती करणाऱ्याने स्वतः ते किती निरखून वाचले होते! अलंकाराचा निषेध त्याने अत्यंत अलंकृत लॅटिनमध्ये केला.

याहून बोलका प्रसंग खुद्द सुजेरनेच लिहून ठेवला आहे. सोन्याच्या भव्य क्रूसासाठी रत्ने कमी पडत होती. अशा वेळी तीन मठांचे भिक्षू रत्ने विकायला त्याच्या दारी आले, आणि त्यांतले दोन मठ सिस्टर्शियन पंथाचे होते. त्यांना ती दानात मिळाली होती आणि त्यांच्या नियमात रत्नांना जागा नव्हती. सुजेरने चारशे पौंड देऊन ती घेतली. त्यांचे मोल याहून कितीतरी अधिक आहे, हे त्याला ठाऊक होते. एकाच्या वैराग्याने दुसऱ्याचे वैभव सजले. येथे कोण निर्मळ आणि कोण मलिन, हे सांगणे आम्हांला तरी सोपे वाटत नाही.

सुजेरला निर्दोष ठरवण्याचाही आमचा हेतू नाही. त्याने चर्चमध्ये जागोजागी आपले नाव कोरवले आणि एका काचचित्रात मरियेच्या पायांशी स्वतःची आकृती घालून घेतली. वाहणाऱ्या हाताने जाता जाता थोडे मिरवूनही घेतले. परंतु साधेपणा या मोहापासून सुरक्षित असतो, असे मात्र कोणी समजू नये. ११४७ मध्ये अभिषिक्त झालेले फोंतने येथील सिस्टर्शियन चर्च आजही उभे आहे. चित्र नाही, रंगीत काच नाही. नुसता दगड आणि त्यावर पडणारा उजेड. त्या रितेपणाचे सौंदर्य पाहण्यासाठी आज लांबून प्रवासी येतात. अलंकार टाकून दिल्याने जी शोभा आली तीही शेवटी डोळ्यांचा विषय झाली. आणि ज्या पंथाने हे रितेपण जपले, तोच पुढच्या काळात जमिनी आणि लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झाला. भिंती साध्या राहिल्या, भांडार राहिले नाही.

जुन्या गोव्याकडे पुन्हा वळण्याचे कारण हेच. ज्या बासिलिकेच्या सोन्यावर आमचे विद्यार्थी नाराज झाले, तिच्या बाहेरच्या उघड्या जांभ्या दगडावर ते खूश होते. "बाहेरून किती साधी आहे!" असे एकाने म्हटलेही. वस्तुस्थिती अशी की, १६०५ मध्ये अभिषिक्त झालेल्या या वास्तूला मुळात चुन्याचा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास, इमारत पुरातन दिसावी म्हणून काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून पावसाचा मारा थेट जांभ्यावर होतो. जो साधेपणा पाहून आम्ही सुखावलो, तो नंतर चढवलेला साज होता. चुना फासलेल्या कबरीची उपमा येथे उलटी होते. चुना काढूनही देखावा करता येतो.

आतले दृश्यही नीट पाहायला हवे. वास्तूचे नाव बाळ येशूचे. पण वेदीवर बाळ येशू छोटा आहे आणि त्याच्या वर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला भव्य रूपात उभा आहे. त्याची दृष्टी वर, सूर्यकिरणांच्या वलयातल्या येशूच्या नामचिन्हाकडे लागलेली आहे, हे खरे. तरीही आपली नजर प्रथम कोणावर खिळते? उजव्या बाजूला फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत, आणि ती पेटी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने भेट दिलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर. हा झेवियर गोव्यात आला तेव्हा रुग्णालयात राहून आजाऱ्यांची शुश्रूषा करी आणि हाती घंटा घेऊन रस्त्यातून मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावत फिरे. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो जवळजवळ एकाकी मरण पावला. त्याच्या वाट्याला आलेली ही चांदी कोणाची? गोव्यातल्या सोनारांचे अप्रतिम कसब तिच्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुडघे टेकणाऱ्या सामान्य भाविकांची कृतज्ञताही आहे, आणि तिला आम्ही अवडंबर म्हणणार नाही.

पण येथे आणखी एक प्रश्न टाळता येत नाही, आणि तो सौंदर्यशास्त्राचा नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांतली देवळे पाडली गेली. मंगेशीसारखी दैवते भक्तांना नदीपलीकडे न्यावी लागली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले. १५६० पासून तेथे इन्क्विझिशन बसले, आणि ते यावे अशी विनंती राजाला करणाऱ्यांत खुद्द झेवियरही होता. वाहायचे ते आपले असावे लागते, दुसऱ्याचे हिरावून घेतलेले नव्हे. बेथानीच्या स्त्रीने स्वतःची कुपी फोडली. मार्कने तिची गोष्ट सांगण्यापूर्वी विधवांची घरे गिळणाऱ्यांची गोष्ट सांगितली आहे, ती बहुधा यासाठीच. गोव्याच्या त्या सोन्यात ज्याचा हिशेब लागत नाही असा एक भाग आहे. तो आहे हे मान्य केल्यावाचून तिथल्या सौंदर्याविषयी बोलणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न 'एवढे सोने कोणासाठी' असा होता. 'कोणाचे' असे तिने विचारले असते, तर आम्हांला मान डोलावून सुटका करून घेता आली नसती.

याच भूमीत आणि याच सत्तेच्या सावलीत स्टीफन्स यांनी मराठीत पुराण रचले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशाच स्वरूपाचे काही आम्हांला का देत नाही? हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. श्रद्धेची तत्त्वे तर त्याला शिकवलेली होती. 'आतले' ते पोचते झाले होते, असे मिशनऱ्यांनी म्हटले असते. तरी तो माणूस उपाशी होता. त्याला ऐकण्याजोगे, गाण्याजोगे, चारचौघांत बसून म्हणण्याजोगे काही हवे होते. अंतरीच्या जीवनालाच बाहेरच्या रूपाची भूक लागली होती. ती भूक निर्माण होण्यात सक्तीचा वाटा होता, हेही त्या प्रश्नातच उघड आहे. स्टीफन्स यांनी उत्तरादाखल ओवी दिली आणि परक्या भाषेसाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. ओवीचे ते लेणे येथल्याच मातीतले होते, आणि ते घडवताना रचणाऱ्याला स्वतःची मायबोली बाजूला ठेवावी लागली. त्या काळाच्या साऱ्या खर्चात वाहण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आम्हांला हीच दिसते.

तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून हात घातला. त्यांच्यापुढे सोने नव्हते. होती ती मिशनची नेटकी, साधी, पाश्चात्त्य वळणाची उपासना. त्या साधेपणातही मराठी मन उपरेच राहते, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजन, कीर्तन ही रूपे ख्रिस्ताच्या सेवेला आणली. रूपांची एवढी श्रीमंती देणाऱ्या या माणसाने १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाहेरचे समृद्ध करणे आणि स्वतः रिते होणे ही दोन कामे त्यांच्या ठायी एकमेकांच्या आड आली नाहीत. त्या रितेपणाचा संसारावर पडणारा भार लक्ष्मीबाईंनी कसा पेलला, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आपल्या वाङ्मयीन व्यवहारालाही हे सारे लागू पडते, असे आम्हांला वाटते. अनलंकृत भाषा म्हणजे प्रामाणिक भाषा, असा एक समज गेल्या काही दशकांत आपल्याकडे रुजला आहे. साधेपणाची शैली होते, शैलीची फॅशन होते, आणि मग गिलावा काढलेल्या भिंतीसारखे लेखन लिहिले जाते, वाखाणलेही जाते. उलट एखाद्या प्राचीन कवीची अलंकारांनी लगडलेली रचना आपण पांडित्याचे प्रदर्शन म्हणून बाजूला सारतो. तिच्यात त्याने कोणापुढे काय वाहिले आहे, हे विचारीतच नाही. शब्द कमी की जास्त, एवढ्यावर लेखकाचा भाव कळत नाही. लिहून झाल्यावर नजर लेखकाकडे वळते की लेखनाच्या विषयाकडे, हे पाहावे लागते.

चौथ्या शतकात जॉन क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने यावर एक व्यवहारी उत्तर दिले होते. चर्चमधल्या ख्रिस्ताला रेशमाने सजवायचे आणि दाराबाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे त्याला मान्य नव्हते. पण रेशीम नकोच, असे तो म्हणाला नाही. आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरेल त्यातून वेदी सजवा, असा क्रम त्याने लावून दिला. बर्नार्डचा संताप आणि सुजेरची हौस या दोहोंना त्यात जागा आहे, आणि बेथानीच्या घरात चिडलेल्या माणसांनाही. मात्र ज्या स्त्रीने हा क्रम न विचारता एका क्षणी सगळेच ओतून टाकले, तिची जागा या हिशेबाच्या बाहेर राहते. तिच्यासाठी नियम करता येत नाही.

पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही पुन्हा जुन्या गोव्याला जाणार आहोत. तोच प्रश्न पुन्हा कोणीतरी विचारील. या वेळी निदान मान डोलवायची नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. आधी सर्वांना वेदीपुढे थोडा वेळ उभे करावे, मग बाहेर आणून जांभ्या दगडावरचा गिलावा कोठे गेला ते सांगावे, आणि मग नदीपलीकडे मंगेशीला न्यावे, असा बेत आहे.